डेमो बाजूला ठेवा, सर्वांत किचकट मॅन्युअल पुढे आणा

प्रश्न : कुंडई औद्योगिक वसाहतीत आमची कंपनी गोळ्यांच्या ब्लिस्टर पॅकिंगची यंत्रे बनवते. टेक्निकल रायटिंगची टीम मी सांभाळते. आम्ही पाच जण आहोत. नऊ मॉडेल्स, आणि प्रत्येकाची ऑपरेटर, मेंटेनन्स व इन्स्टॉलेशन अशी तीन मॅन्युअल्स. सगळे काम वर्डमध्ये. इंग्रजीवरून जर्मन, फ्रेंच आणि स्पॅनिश भाषांतर होते, इथल्या कारखान्यांसाठी मराठीत ऑपरेटर कार्डे निघतात. एक सुरक्षासूचना बदलली की सत्तावीस फायली उघडाव्या लागतात. वरिष्ठांनी नुकताच एका क्लाउड सीसीएमएसचा, म्हणजे मजकूर तुकड्यांत साठवून पुन्हा वापरू देणाऱ्या सॉफ्टवेअरचा, डेमो पाहिला आणि ते खूश झाले. विक्रेत्याची सवलत सप्टेंबरअखेरपर्यंत आहे. महिन्याभरात मला लेखी मत द्यायचे आहे. सॉफ्टवेअर नेमके कसे तपासू?
– एक वाचक, फोंडा तालुका

उत्तर : नमस्कार. आधी तारखेचे बोलू. सप्टेंबरअखेर विक्रेत्याची तिमाही संपते, म्हणून सवलतही तेव्हाच संपते. तुमच्या सत्तावीस मॅन्युअल्सचे त्या दिवशी काही बिघडत नाही, आणि हीच सवलत डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा मागता येते. शिवाय महिन्याच्या हिशेबातून चवथीचे दिवस वजा करा. त्या आठवड्यात अर्धी टीम घरी असते आणि डिझाइनचे इंजिनिअर तर सापडतच नाहीत. प्रत्यक्ष हात लावून करायची चाचणी कामाच्या दहा दिवसांत बसते. ते दहा दिवस सलग मिळतील असे बघा.

डेमोवर मत बनवू नका, कारण डेमोतला मजकूर विक्रेत्याने स्वतः शिजवलेला असतो. त्यातले तक्ते चार ओळींचे, चित्रे एकाच मापाची, पायऱ्या सरळ एकाखाली एक. तुमच्या मेंटेनन्स मॅन्युअलमध्ये बहुधा तीन पाने चालणारा वंगणाचा तक्ता आहे, त्यात जोडलेले रकाने आहेत, पायरीच्या मध्येच येणारी सूचना आहे, आणि कोणीतरी दहा वर्षांपूर्वी स्पेसबार दाबून जुळवलेला मजकूर आहे. सॉफ्टवेअर टिकते की नाही ते तिथे कळते. म्हणून चाचणीला सर्वांत किचकट मॅन्युअल निवडा आणि ते विक्रेत्याच्या माणसाकडून नव्हे, तुमच्या दोन रायटरांकडून बांधून घ्या. एक तांत्रिक गोष्टींत रमणारा असू द्या, दुसरा एक्सएमएलचे, म्हणजे खुणांच्या टॅगांनी मजकूर बांधण्याच्या पद्धतीचे, नाव काढले की कपाळाला आठ्या घालणारा. दुसऱ्याला किती वेळ लागतो तोच तुमचा खरा आकडा.

पण सॉफ्टवेअर उघडण्याआधी दोन मोजमापे हवीत. ती नसली तर विक्रेत्याचा बचतीचा तक्ता खरा की खोटा हे तुम्हाला कधीच सांगता येणार नाही.

पहिले, मजकूर किती वेळा पुन्हा येतो. नऊ मॉडेल्सची मेंटेनन्स मॅन्युअल्स वर्डमधून साध्या टेक्स्टमध्ये सेव्ह करा, सगळे परिच्छेद एक्सेलच्या एकाच रकान्यात ओळीने टाका, शेजारच्या रकान्यात मॉडेलचे नाव. मग अकारविल्हे लावा आणि मोजा. इथे एक अडचण येते : काउंटइफ हे सूत्र २५५ अक्षरांपेक्षा लांब मजकुरावर चालत नाही, त्यामुळे आधी लेफ्ट सूत्राने पहिली दोनशे अक्षरे वेगळ्या रकान्यात घ्या आणि त्यांच्यावर मोजणी करा. तंतोतंत सारखे परिच्छेद सापडतील, पण त्याहून मोलाचे आहेत ते जवळजवळ सारखे. क्रमाने लावल्यामुळे ते एकमेकांखाली येतात : ‘गार्ड उघडण्यापूर्वी मुख्य वीजपुरवठा बंद करा’ हेच वाक्य सहा तऱ्हांनी लिहिलेले. कुठलेही सॉफ्टवेअर त्या सहांचे एक करून देत नाही. कुठले ठेवायचे हे माणसाला ठरवावे लागते, आणि हा निर्णय आत्ता, फुकटात, एक्सेलमध्ये घेता येतो.

दुसरे, भाषांतराचे बिल. तुमच्या एजन्सीकडे गेल्या दोन वर्षांचे ट्रान्सलेशन मेमरीचे, म्हणजे जुन्या भाषांतरांच्या साठ्याशी मजकूर ताडून काढलेले, ॲनालिसिस रिपोर्ट मागा. त्यात पुनरावृत्ती, शंभर टक्के जुळणारे, थोडे बदललेले आणि नवे असे शब्द वेगवेगळे दाखवलेले असतात. त्याबरोबर डीटीपीचे, म्हणजे पानांच्या मांडणीचे बिल वेगळे काढून घ्या. हे का? विक्रेते सांगतात, ‘सत्तर टक्के मजकूर पुन्हा वापरला जाईल, म्हणजे भाषांतराचा सत्तर टक्के खर्च वाचेल.’ हे बरोबर नाही. पुन्हा येणाऱ्या वाक्यांवर एजन्सी तुम्हाला बहुधा आजच सूट देत असणार. तीच बचत दुसऱ्यांदा मोजली जाते. खरा पैसा जातो मांडणीत. समजा मेंटेनन्स मॅन्युअल १२० पानांचे आहे आणि यंदा त्यातले पंधरा परिच्छेद बदलले. भाषांतर पंधरा परिच्छेदांचेच होते, पण वर्डमधली तीन भाषांतली ३६० पाने कोणीतरी पुन्हा जुळवते, चित्रे सरकवते, अनुक्रमणिका तपासते. संरचित लेखनात, म्हणजे मजकूर आणि मांडणी वेगळी ठेवून लिहिताना, मांडणी स्टाइलशीट या नियमांच्या फाइलमधून आपोआप येते, त्यामुळे हा खर्च जवळपास संपतो. तुमच्या बिलावरचा पानाचा दर घालून गुणाकार करा. वरिष्ठांसमोर ठेवायला याहून भक्कम आकडा मिळणार नाही.

आता सॉफ्टवेअरकडे. विक्रेता एक वस्तू म्हणून विकतो त्यात खरे तर तीन गोष्टी असतात : लिहायचा एडिटर, मजकूर ठेवायचे भांडार, आणि पीडीएफ किंवा वेबपाने काढणारे प्रकाशनयंत्र. तिन्हींची किंमत वेगळी मागा, कारण तिन्ही स्वतंत्रपणे बदलता येतात का, हाच पुढे कळीचा प्रश्न होतो. डिटा या, मॅन्युअल्स विषयवार तुकड्यांत लिहिण्याच्या एक्सएमएल रचनेवर चालणाऱ्या साधनांत हे स्वातंत्र्य सर्वांत जास्त. डिटा मूळची आयबीएमची. ओएसिस या मानक संस्थेने २००५ मध्ये तिची पहिली आवृत्ती मानक म्हणून मंजूर केली आणि आज बहुतेक साधने डिसेंबर २०१५ ची १.३ आवृत्ती पाळतात. ऑक्सिजन, फ्रेममेकर, एक्समेटल हे एडिटर आणि ट्रिडिअन डॉक्स, हेरेटो, एईएम गाइड्स ही भांडारे या घरातली. मॅडकॅप फ्लेअर एक्सएमएलवरच चालते, पण त्यात स्वतःचे खास टॅग घालते. पॅलिगोचा पाया डॉकबुक या दुसऱ्या एक्सएमएल रचनेचा आहे. दोन्हींत चांगले काम होते. फक्त बाहेर पडताना रूपांतर करावे लागेल हे आधीपासून खर्चात धरा. असकीडॉक किंवा स्फिंक्ससारखी साधी टेक्स्टची साधने सॉफ्टवेअरच्या मॅन्युअल्सना छान जमतात, पण जड तक्ते आणि कायद्याने बांधलेल्या धोक्याच्या सूचना असलेल्या यंत्रांच्या मॅन्युअल्सना आम्ही ती सुचवणार नाही.

चाचणीसाठी चाळीसएक पानांचा मजकूर बाजूला काढा. त्यात तो तीन पानी वंगणाचा तक्ता हवा. सीलिंग प्लेट बदलण्याची कृती हवी, आणि तिच्यात उपपायऱ्या व मध्येच धोक्याची सूचना. क्रमांक लावलेली सुट्या भागांची आकृती हवी. तीन मॉडेल्समध्ये थोडा थोडा बदलणारा एक विभाग, नऊ ठिकाणी वापरलेली एक सूचना, दुसऱ्या मॅन्युअलकडे जाणारे दोन संदर्भ आणि मराठीचे एक ऑपरेटर कार्ड. एवढे पुरते.

पायऱ्यांपाशीच पहिला खटका उडेल. डिटाच्या काटेकोर टास्कमध्ये, म्हणजे कृती लिहिण्याच्या ठरलेल्या साच्यात, पायरी आणि उपपायरी एवढ्या दोनच पातळ्या असतात. वर्डमध्ये तुमच्याकडे ४.३.२.१ आणि त्याखाली अ, आ, इ असे असेल, तर रायटर म्हणेल की सॉफ्टवेअर अडवते. ते अडवते आहे हे चांगलेच आहे. चार पातळ्यांची कृती यंत्रापुढे उभ्या माणसाला पाळता येत नाही, ती दोन-तीन टास्कमध्ये फोडायची असते. पण फोडायला लागलेला वेळ घड्याळ लावून नोंदवा, कारण जुनी मॅन्युअल्स आणण्याचा खर्च याच आकड्यावरून निघेल. विक्रेता ‘वर्ड आपोआप आयात होते’ म्हणेल. होते, मात्र हाताने ठळक केलेली ओळ शीर्षक म्हणून ओळखली जात नाही, हाताने टाइप केलेले क्रमांक तसेच राहतात आणि प्रत्येक तक्त्यात रिकामे परिच्छेद येतात. आयात झाल्यावर साफसफाईला किती तास गेले, ते मोजा.

धोक्याच्या सूचनेसाठी डिटाच्या १.२ आवृत्तीपासून स्वतंत्र रचना आहे : धोक्याचा प्रकार, तो टाळला नाही तर होणारा परिणाम, आणि टाळण्याची कृती. तुमच्यासारख्या टीमने डिटाकडे वळावे याचे हे एक मोठे कारण आहे. एडिटर रायटरला हे तीन रकाने भरायला लावतो की नुसत्या चौकटीत काहीही टाइप करू देतो, ते तपासा. ‘गरम भाग. काळजी घ्या’ एवढ्यावर पुढे जाऊ देणारे साधन पाच रायटरांच्या हाती पुन्हा पाच तऱ्हा निर्माण करील. स्किमाट्रॉनचे, म्हणजे लिहिलेला मजकूर आपोआप तपासणारे, नियम लावता येतात का ते विचारा. त्यात ‘परिणाम रिकामा असेल तर लाल खूण दाखव’ असा नियम मराठीतल्या संदेशासह लिहिता येतो.

पुनर्वापराची कसोटी अशी घ्या. नऊ ठिकाणची ती सूचना एकाच जागी बदला. आता विचारा, ‘हा तुकडा कुठे कुठे वापरला आहे?’ यादी किती सेकंदांत आली? मग तोच तुकडा पुसायचा प्रयत्न करा; साधन अडवते का, की निमूट पुसून नऊ ठिकाणी भोक पाडते? फाइलचे नाव बदला; दुवे तुटले का? या तीन गोष्टी डेमोत कोणी दाखवत नाही आणि वर्षभरात प्रत्येक टीमला याच छळतात.

पुनर्वापराचा तुकडा किती लहान असावा, यावर जरा थांबावे लागेल, कारण इथे इंग्रजीत चालणारी युक्ती मराठीत हमखास फसते. सॉफ्टवेअर तुम्हाला शब्दाच्या जागी बदलता घटक ठेवू देते : ‘अमुक बंद झाल्यावर अमुकचे झाकण काढा.’ इंग्रजीत अमुकच्या जागी काहीही घाला, वाक्य उभे राहते. मराठीत पंप बंद झाला, मोटर बंद झाली, यंत्र बंद झाले. पुढे पट्टा आला की पट्ट्याचे, साखळी आली की साखळीचे. लिंगही बदलते आणि सामान्यरूपही. जर्मनला हाच त्रास तिच्या विभक्तींचा. म्हणून नियम ठरवा की बदलता घटक फक्त मॉडेल क्रमांक, कंपनीचे नाव आणि परिमाणे यांनाच वापरायचा. बाकी पुनर्वापर पूर्ण वाक्याचा किंवा त्याहून मोठा. हा नियम पाळला नाही तर भाषांतर एजन्सी प्रत्येक वाक्यावर शंका काढत बसेल आणि बचत तिथेच गळेल.

मॉडेलनुसार मजकूर गाळण्याचेही तसेच. अटी टॉपिकला, म्हणजे एका विषयाच्या पूर्ण तुकड्याला, किंवा फार तर पूर्ण पायरीला लावा. वाक्याच्या मधल्या तीन शब्दांना अट लावली की सहा महिन्यांनी ते वाक्य कोणत्या मॉडेलला काय वाचले जाते हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. डिटा १.३ मध्ये एकाच मॅपच्या, म्हणजे टॉपिक जोडून मॅन्युअल बांधणाऱ्या यादीच्या, फांद्यांना वेगवेगळ्या अटी लावण्याची सोय आहे. तीन मॉडेल्सचा तुमचा विभाग तिच्यातून काढून दाखवायला सांगा.

आता पीडीएफ, जिथे सर्वाधिक टीम अडकतात. वर्डमध्ये शीर्षकाचा आकार बदलायला दोन क्लिक लागतात. इथे स्टाइलशीट बदलावी लागते, आणि ती एक्सएसएल-एफओ या छपाईच्या किचकट भाषेत असेल तर ते काम येणारा माणूस वेगळा लागतो. सीएसएसवर, म्हणजे वेबपानांच्या मांडणीच्या भाषेवर, चालणारे प्रकाशनयंत्र असेल तर वेबची थोडी जाण असलेला रायटरही निभावून नेतो. विक्रेत्याला स्पष्ट विचारा : ‘आमचा लोगो असलेली पहिली स्टाइलशीट किमतीत आहे का? पुढच्या प्रत्येक बदलाला किती?’ मग स्वतः बघा : लांब तक्त्याचे शीर्षक दुसऱ्या पानावर पुन्हा येते का, सूचना एका पानावर आणि तिची पायरी दुसऱ्या पानावर असे तुटते का, आडवे पान मध्येच घालता येते का, बदललेल्या ओळींच्या समासात रेघ येते का.

मराठी कार्डे तुमच्या कामाचा लहान भाग आहेत, तरी ती पहिल्याच दिवशी चाचणीत घ्या. कार्डे श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटांत असतील तर आधी युनिकोडमध्ये आणा. त्याशिवाय पुढचे काहीच शक्य नाही. मग ‘दुसऱ्या’, ‘कोपऱ्यात’, ‘स्थिती’, ‘निष्क्रिय’, ‘दुरुस्ती’, ‘कार्यान्वित’ एवढे शब्द असलेले पान पीडीएफमध्ये काढा. डिटा ओपन टूलकिट या डिटातून पीडीएफ आणि वेबपाने काढणाऱ्या मोफत साधनाबरोबर फुकट येणारे पीडीएफचे यंत्र, अपाचे एफओपी, १.१ आवृत्तीपासून देवनागरी हाताळते, पण फाँट नीट जोडून द्यावा लागतो. अक्षरांच्या जागी नुसती # चिन्हे आली तर फाँटच सापडलेला नाही. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे जाऊन बसली तर अक्षरजुळणी चालू नाही. जोडाक्षरे सुटून मध्ये हलंत दिसू लागले तर फाँटमध्ये ती जोडाक्षरे नाहीत किंवा प्रकाशनयंत्राला ती वापरता येत नाहीत. तीन वेगळी दुखणी आहेत, इलाजही वेगळे. अँटेना हाउस किंवा प्रिन्स ही पैसे देऊन घ्यायची यंत्रे जुळणी सांभाळतात, तरी तुमच्या फाँटवर तपासल्याशिवाय धरून चालू नका.

‘दुसऱ्या’ हा शब्द मुद्दाम दिला आहे. हा ऱ्य हिंदीत नाही, त्यामुळे हिंदीवर तपासलेले साधन इथे चुकते. शिवाय तो दोन तऱ्हांनी टाइप होतो : नुक्त्याच्या ऱ ने किंवा साध्या र ला हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून. दुसऱ्या तऱ्हेतले अदृश्य चिन्ह आयात करताना गळाले की ‘दुसर्या’ उरते. दोन्ही तऱ्हा मिसळल्या असतील तर शोध घेताना निम्मे शब्द सापडत नाहीत. एकच तऱ्हा ठरवा आणि आयात झाल्यावर सगळीकडे तीच करून घ्या. तयार पीडीएफमध्येही ‘दुसऱ्या’ शोधून बघा. छापलेले बरोबर दिसते पण शोधता येत नाही, असे देवनागरी पीडीएफमध्ये नेहमी होते.

आपोआप येणारी लेबलेही पाहा. ‘आकृती’, ‘तक्ता’, ‘धोका’ मराठीत आहेत का, नसतील तर शब्दांची फाइल भरता येते का? आणि संदर्भाचा साचा उलटवता येतो का? इंग्रजी साच्यात आधी ‘पाहा’ येते, मग विषय, मग पान. मराठीला ‘पान १२ वरील वंगणाचा तक्ता पाहा’ असा क्रम लागतो. साच्यातल्या जागा अदलाबदल करता आल्या नाहीत तर प्रत्येक संदर्भ वाकडा वाचला जाईल. पुढे कोकणीतही कार्डे काढायची झाली तर लिपी तीच, पण भाषेचा संकेत वेगळा. साधन एका लिपीला एकच भाषा धरून चालत नाही ना, एवढे विचारून ठेवा.

भाषांतराची फेरी कागदावर ठरवू नका, करून बघा. पाच टॉपिक एक्सलिफ या भाषांतराच्या फाइल-प्रकारात काढून एजन्सीला पाठवा. ते तिकडे असताना त्यातल्या एकात इंग्रजी बदल करा. भाषांतर परत आले की काय होते? चांगले साधन सांगते की चार टॉपिक ताजे आणि एक शिळा. वाईट साधन पाचवर गुपचूप जुने भाषांतर चढवते. यंत्राच्या मॅन्युअलमध्ये याचा अर्थ जर्मन ऑपरेटर जुने तापमान वाचतो. चित्रांतले शब्द काढून क्रमांक घाला, खाली यादी द्या. भाषांतरासाठी चित्र उघडावे लागू नये.

तपासणी करणारे इंजिनिअर एक्सएमएलचा एडिटर उघडणार नाहीत, हे गृहीत धरा. ब्राउझरमध्ये वाचून ओळीवर शेरा लिहिता यावा आणि तो शेरा थेट मजकुराशी जोडलेला राहावा. ही चाचणी रायटरांकडून करून घेण्यात अर्थ नाही. सर्वांत कमी वेळ असलेला सर्व्हिस इंजिनिअर गाठा, त्याला एक दुवा पाठवा आणि काहीही न समजावता बघा. आणि परवाने विचारा : काही क्लाउड सेवांत शेरा मारणारा माणूसही मोजला जातो. पाच रायटर आणि वीस तपासनीस असा हिशेब झाला की किंमत पार बदलते.

एक बाब वरिष्ठांच्या नजरेत बहुधा अजून आलेली नसेल. युरोपचा यंत्रांविषयीचा नवा नियम, २०२३/१२३०, २० जानेवारी २०२७ पासून लागू होतो. त्यात वापराच्या सूचना डिजिटल स्वरूपात देता येतील. पण त्या छापता आणि उतरवून घेता आल्या पाहिजेत, यंत्राच्या अपेक्षित आयुष्यभर आणि किमान १० वर्षे ऑनलाइन राहिल्या पाहिजेत, आणि खरेदीच्या वेळी ग्राहकाने मागितली तर कागदी प्रत महिन्याभरात मोफत द्यावी लागेल. म्हणजे तुम्हाला पीडीएफ आणि वेबपाने दोन्ही एकाच मजकुरातून हवीत, आणि २०२७ मध्ये ग्राहकाकडे गेलेल्या यंत्राच्या सूचनांची तेव्हाची आवृत्ती २०३७ मध्येही त्याच पत्त्यावर मिळायला हवी. विक्रेत्याला नेमके हेच विचारा : वर्गणी बंद केली तर ती पाने दिसत राहतील का?

हाच प्रश्न मोठ्या रूपात बाहेर पडण्याचा. चाचणीच्या शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका, दुसऱ्याच दिवशी सगळा मजकूर बाहेर काढा : टॉपिक, मॅप, चित्रे, अटी, भाषांतरे. तो एका वेगळ्या लॅपटॉपवर टाका, जिथे त्या कंपनीचे काहीही नाही, फक्त डिटा ओपन टूलकिट आहे. पीडीएफ निघाली तर दार उघडे आहे. न सापडणारे दुवे आणि अनोळखी टॅगांची रांग लागली तर ‘आम्ही पूर्ण डिटा पाळतो’ हे वाक्य करारात लिहून मागा आणि बघा काय उत्तर येते.

क्लाउड असेल तर कुंडईच्या तुमच्याच लाइनवरून, सकाळी अकराच्या गर्दीत, चारशे टॉपिकांचा मॅप उघडून बघा. मग मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून. जून ते सप्टेंबर वीज आणि नेट दोन्ही जातात. लिहिता लिहिता जोडणी तुटली तर शेवटची दहा मिनिटे वाचतात का? वायर काढून तपासा.

आता आमचे मत. पाच रायटर आणि तीन परदेशी भाषांसाठी लगेच सीसीएमएस घेण्याची आम्हाला गरज दिसत नाही. ऑक्सिजनसारखा एडिटर, डिटा ओपन टूलकिट आणि मजकुराच्या आवृत्त्यांसाठी गिट, एवढ्यावर एका यंत्रकुटुंबाची मॅन्युअल्स सहा महिने चालवा. टूलकिट आणि गिट फुकट आहेत, मजकूर शुद्ध डिटात राहतो, आणि पुढे सीसीएमएस घेतलेच तर तो जसाच्या तसा आत जातो. गिटवर एक काळजी : प्रत्येकाच्या एडिटरची ओळी मोडण्याची आणि समासाची सेटिंग एकच ठेवा. नाहीतर एकाने स्वल्पविराम बदलला तरी गिटला पूर्ण फाइल बदललेली दिसते आणि खरा बदल त्यात हरवतो. डिटात शेकडो घटक आहेत. त्यांतले अडीच-तीन डझन निवडा आणि बाकीचे एडिटरमधून लपवा.

या मार्गाला एकच मोठी अट आहे. प्रकाशनाची जोडणी आणि स्टाइलशीट सांभाळणारा एक माणूस टीममध्ये हवा, आणि त्याच्याकडून शिकलेला दुसराही, कारण डिटा येणारा माणूस इथे जाहिरात देताच मिळेल असे धरता येत नाही. असा माणूस तयार होणार नसेल, किंवा तुमच्या दोन-तीन आवृत्त्यांची भाषांतरे एकाच वेळी चालू राहत असतील, तर सीसीएमएसचा खर्च रास्त आहे, आणि ते आम्ही बिनदिक्कत लिहू.

खर्च मांडताना तीन वर्षांचा मांडा. वर्गणी, किमान परवाने, तपासनीसांचे परवाने, स्टाइलशीट, जुना मजकूर आणणे, प्रशिक्षण, आणि नूतनीकरणाच्या वेळी दर किती वाढू शकतो त्याची करारातली मर्यादा. विक्रेता परदेशातला असेल तर सेवेच्या आयातीवर १८ टक्के आयजीएसटी रिव्हर्स चार्जने तुमच्या कंपनीला भरावा लागतो. त्याचे क्रेडिट सहसा मिळते, पण रक्कम आधी रोख जाते. टीडीएसचा प्रश्न कराराच्या मसुद्यासह सीएकडे सही होण्याआधी न्या. जुन्या मॅन्युअल्सपैकी जी यंत्रे आता विकली जात नाहीत त्यांना हात लावू नका, त्यांची पीडीएफ आहे तशी ठेवा.

विक्रेत्याला आजच एक मेल करा : आम्हाला कामाच्या दहा दिवसांसाठी पूर्ण अधिकारांचे चाचणी खाते हवे, मजकूर आमचा असेल, बांधणी आमचे लोक करतील, आणि दुसऱ्या दिवशी सर्व मजकूर बाहेर काढण्याची परवानगी हवी. त्याच मेलमध्ये सवलतीची मुदत चाचणी संपेपर्यंत वाढवून मागा. आणि एजन्सीकडचे रिपोर्ट यायला वेळ लागतो, ते त्याच दिवशी मागवून ठेवा.